मुद्रित परिपथ आणि कोरणद्रव्याची निवड : एक ऐतिहासिक मागोवा (दिवा परिसराच्या संदर्भात)

इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी घरच्या घरी पीसीबी तयार करतो, तेव्हा तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीवर परिपथ रेखाटून उरलेले तांबे रसायनात विरघळवतो. हे रसायन कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक आहे. प्रत्यक्षात त्याचे पहिले उत्तर मुद्रणव्यवसायाने दिले. ते उत्तर घरातील मोरीपर्यंत पोहोचल्यावर काय घडते, याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा मागोवा घेतला आहे.

छापखान्यात चित्रांसाठी जे ब्लॉक तयार होत, त्यांपैकी जस्ताचे ब्लॉक नायट्रिक आम्लाने, तर तांब्याचे फेरिक क्लोराईडने कोरले जात. व्हिएन्नाचा अभियंता पॉल आयस्लर 1936 मध्ये इंग्लंडला गेला. मुद्रणव्यवसायाशी त्याचा पूर्वीच परिचय होता. तारा जोडण्याऐवजी तांब्याचा पत्राच कोरून परिपथ मिळवावा, ही त्याची कल्पना. 1943 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे नव्या उद्योगाला कोरणद्रव्य शोधावे लागले नाही. ते ब्लॉक करणाऱ्याच्या ताटलीत तयारच होते.

पुढे मोठ्या कारखान्यांनी फेरिक क्लोराईड बव्हंशी सोडून दिले. क्युप्रिक क्लोराईड व अमोनियायुक्त द्रावणे सतत पुनरुज्जीवित करता येतात, हे त्याचे मुख्य कारण. घरगुती प्रयोगात मात्र जुने द्रव्य टिकून राहिले. ते संथपणे काम करते, त्रासदायक वाफा फारशा सोडत नाही आणि चूक सावरायला वेळ देते. त्याचा दोष म्हणजे गडद तपकिरी रंग: आतली पट्टी दिसत नाही, लादीवर पडलेला डाग निघत नाही. मुंबईत ते लॅमिंग्टन रोडवर मिळते; दिव्याच्या विद्यार्थ्याने त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे लागते.

अमोनियम परसल्फेटचे द्रावण पारदर्शक असते. परंतु त्याला 40 ते 50 अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि साठवल्यास त्याची शक्ती घटते. हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साईड यांचे मिश्रण तर जवळच्या दुकानांतील वस्तूंतून होते आणि झपाट्याने काम करते. पण त्यातून आम्लाच्या वाफा व क्लोरीन वायू सुटू शकतो. गच्ची वा मोकळे अंगण नसलेल्या दिव्यातील एका खोलीच्या घरात या मिश्रणाचा विचारही करू नये.

तथापि, खरा प्रश्न काम संपल्यावर उभा राहतो. नेहमीच्या पट्टीवर तांब्याचा थर 35 मायक्रॉन जाडीचा असतो. 10 गुणिले 15 सेंटीमीटरच्या पट्टीवर साधारण 4.7 ग्रॅम तांबे असते. त्यातील दोन-तृतीयांश कोरले गेले, तर सुमारे 3 ग्रॅम द्रावणात उतरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 अन्वये सार्वजनिक गटारात सोडावयाच्या सांडपाण्यात तांब्याची मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे. हे नियम उद्योगांना उद्देशून असले, तरी हिशेब बोलका आहे: एका पट्टीचे द्रावण त्या मर्यादेत आणायचे, तर एक हजार लिटर पाणी हवे. आणि पाणी घालून तांबे नाहीसे होत नाहीच. हे सांडपाणी अखेर ज्या खाडीकडे वाहते, तिच्या वरच्या अंगाला उल्हास व वालधुनी नद्या आहेत. त्यांच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये निर्णय दिला. कारखान्यांना विचारला गेलेला प्रश्न प्रयोगकर्त्याने स्वतःला विचारू नये, असे कुठे आहे?

या कसोटीवर फेरिक क्लोराईड पुन्हा सरस ठरते. प्लास्टिकच्या उघड्या भांड्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घातल्यास फेस येतो आणि तांबे व लोह साक्याच्या रूपाने खाली बसतात. अमोनियम परसल्फेटात अमोनिया तांब्याला धरून ठेवतो; त्यामुळे ते पूर्णपणे खाली बसत नाही. सोडियम परसल्फेटात ही अडचण नाही, म्हणून पारदर्शक द्रावणच हवे असेल तर ते निवडावे. साका गाळून, वाळवून, झाकणाच्या बरणीत स्वतंत्र ठेवावा लागतो. तो घरच्या केराच्या डब्यात टाकणे म्हणजे ठिकाण बदलणे एवढेच. ठाणे महापालिकेचा कचरा दिव्यातच टाकला जात असे, तो 2023 मध्ये थांबला.