लाफायेत काउंटी : जनगणना आणि कादंबरी

विल्यम फॉकनर याच्या ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ (1936) या कादंबरीला जोडलेल्या नकाशात योक्नापटॉफा काउंटीचे क्षेत्रफळ 2400 चौरस मैल, तर लोकसंख्या गोरे 6298 व कृष्णवर्णीय 9313 अशी दिलेली आहे. या काल्पनिक प्रदेशामागे उत्तर मिसिसिपीतील लाफायेत काउंटी आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र दोहोंचे आकडे शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

लाफायेतचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ सुमारे 680 चौरस मैल. उत्तरेस टॅलाहाची, दक्षिणेस योकोना; या दुसऱ्या नदीच्या जुन्या नावावरूनच फॉकनरने आपल्या काउंटीचे नाव घेतले. हा प्रदेश पश्चिमेकडील सुपीक डेल्टाचा नव्हे, तर टेकड्यांचा. कापसाच्या सततच्या लागवडीने येथील उतारांची माती वाहून गेली व जमिनीत खोल घळी पडल्या. 1940 मध्ये टॅलाहाचीवर सार्डिस धरण पूर्ण झाले आणि नदीकाठचा मोठा सखल भाग पाण्याखाली गेला.

चिकसॉ लोकांनी 1832 च्या पाँटोटॉक करारान्वये ही भूमी सोडली. 1836 मध्ये काउंटी स्थापन झाली. करारातील पुढील दुरुस्त्यांनी चिकसॉ कुटुंबांना व्यक्तिशः जमिनी नेमून दिल्या. सामुदायिक भूमी अशी खासगी मालकीची झाली आणि सट्टेबाजांच्या हाती सहज पडली. सारा व्यवहार कागदोपत्री, म्हणूनच बिनबोभाट. कादंबरीतला सटपेन 1833 मध्ये येतो आणि शंभर चौरस मैल एकदम पदरात पाडून घेतो. येथे फॉकनरने अनेक लहान खरेदीखतांचा इतिहास एका माणसाच्या हावेत एकवटला आहे.

1860 च्या जनगणनेत लाफायेतची लोकसंख्या सुमारे 16 हजार होती व तीत गुलामांचे प्रमाण निम्म्याहून काहीसे कमी होते. योक्नापटॉफाची बेरीज 15,611 भरते. म्हणजे 1936 च्या नकाशातील काउंटी साडेतीनपट विस्तीर्ण असूनही माणसांच्या संख्येने यादवी युद्धापूर्वीच्या लाफायेतएवढीच आहे. त्याहून लक्षणीय आहे ते वर्णाचे प्रमाण. लाफायेतमध्ये गोरे बहुसंख्य. नकाशात कृष्णवर्णीय जवळजवळ साठ टक्के. हे प्रमाण 1900 च्या सुमाराच्या समग्र मिसिसिपी राज्याशी जुळते. 1930 च्या जनगणनेतही राज्यात कृष्णवर्णीयांचे निसटते बहुमत होते. तेव्हा फॉकनरने आपल्या गावाचे नव्हे, तर एका काउंटीच्या सीमेत राज्याचे चित्र काढले, असे म्हणावे लागते. ‘प्रादेशिक कादंबरी’ या मराठी समीक्षेतील संज्ञेखाली त्याला सरळ बसवताना ही बाब नजरेआड होऊ नये.

काही गोष्टी त्याने वगळल्याही. ऑक्सफर्ड हे लाफायेतचे मुख्य ठिकाण. 1864 च्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या सैन्याने जाळलेला तेथील न्यायालयाचा चौक कथेतील जेफरसन या गावात ओळखू येतो. पण 1848 मध्ये तेथे सुरू झालेले विद्यापीठ मात्र जेफरसनमध्ये नाही. कादंबऱ्यांत ऑक्सफर्ड हे दूरचे, वेगळे गाव आहे. 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून याच विद्यापीठात दंगल उसळली व दोघांचा बळी गेला. फॉकनर त्याच वर्षी जुलैत निवर्तला होता. 2020 च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या 55 हजारांवर गेली. या वाढीचे मुख्य कारण कापूस नव्हे, तर नकाशाबाहेर ठेवलेले तेच विद्यापीठ होय.