सहनिर्देशक-लेखन, भूसर्वेक्षणातील
भूपृष्ठावरील बिंदूचे स्थान संख्यांनी नोंदविण्याची रीत. मूळ बिंदू, पृथ्वीचा गृहीत आकार व मोजमापाचे एकक ह्यांचा उल्लेख असेल, तरच अशा संख्यांना निश्चित अर्थ प्राप्त होतो. हे संदर्भ कसे बदलत गेले, हे नवी मुंबईच्या परिसरावरून स्पष्ट होते.

मुंबई इलाख्यातील एकोणिसाव्या शतकातील महसुली मोजणीत ३३ फुटी साखळी वापरीत. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा. गावनकाशात शेताचे स्थान सर्व्हे क्रमांक, हद्दीचे दगड व साखळीची अंतरे ह्यांनी दर्शवीत, अक्षांश-रेखांशांनी नव्हे.

अक्षांश-रेखांशांची चौकट विल्यम लॅम्टन ह्यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून उभी राहिली. जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांनी १८३० मध्ये निश्चित केलेला विवृत्ताभ (पृथ्वीचा किंचित चपटा गणिती आकार) तिचा आधार ठरला. १८९४–९६ मध्ये तारायंत्राच्या साहाय्याने मद्रास व ग्रिनिच ह्यांमधील कालांतर मोजले, तेव्हा प्रचलित रेखांश २′ २७″ नी अधिक असल्याचे आढळले. पनवेलच्या अक्षांशावर हा फरक सु. ४·३ किमी. भरतो. जागा तीच राहिली. आकडे मात्र बदलले.

राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार (२००५) नागरी वापराच्या नकाशांसाठी ‘जागतिक भूगणितीय प्रणाली १९८४’ व सार्वत्रिक अनुप्रस्थ मर्केटर प्रक्षेपण स्वीकारण्यात आले. एव्हरेस्ट विवृत्ताभावरील आकडे ह्या प्रणालीत रूपांतर न करता घेतल्यास येथे सु. शंभर मीटरची चूक होते.

पनवेलचे स्थान अंश-कलांत १८° ५९′ उ. व ७३° ०७′ पू., तर दशांशांत १८·९८३° उ. व ७३·११७° पू. असे लिहितात. वरील प्रक्षेपणात ते पट्टा ४३ उत्तर, पूर्वांतर सु. ३०२ किमी. व उत्तरांतर सु. २,१०० किमी. असे होते. पूर्वांतर मोजताना ७५° पू. ह्या मध्य याम्योत्तर वृत्ताला ५०० किमी. हे मूल्य देतात. पहिल्या दोन रीतींत उत्तरेचा आकडा आधी, तर तिसरीत पूर्वेचा आधी लिहिण्याचा प्रघात आहे.

सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई आखण्यात आली. तेथील जमिनींची ओळख सर्व्हे क्रमांकांनीच होत असे. जुना गावनकाशा उपग्रहाधारित मोजणीशी जुळविताना हद्दीचे मूळ दगड सापडले नाहीत, तर आकडे कितीही सूक्ष्म असले, तरी शेताची खरी सीमा अनिश्चित राहते. म्हणून सहनिर्देशकांसोबत त्यांची प्रणाली नोंदविणे ही केवळ तांत्रिक औपचारिकता नसून जमीनधारकाच्या हक्काचेही ते एक संरक्षण होय.