‘तॉ’ : एका क्रियापदाचा इतिहास

एखाद्या समाजाचा इतिहास त्याच्या रोजच्या साध्या क्रियापदातही वाचता येतो. आयर्लंडच्या मूळ भाषेतील, म्हणजे गेल्गेतील, ‘तॉ’ हे क्रियापद तसेच आहे. त्याचा अर्थ ‘आहे’.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. गेल्गेत ते आरंभी उभे राहते. ‘तॉ बो अगम’ म्हणजे शब्दशः ‘आहे गाय माझ्यापाशी’. ‘तॉ ब्रोन ओरम’ म्हणजे ‘आहे दुःख माझ्यावर’. प्रश्नात ‘तॉ’चे ‘अन विल’ होते, नकारात ‘नील’. ‘होय’ आणि ‘नाही’ यांसाठी या भाषेत स्वतंत्र शब्द नाहीत. क्रियापदच परतवून उत्तर द्यावे लागते. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘जेवलो’ म्हणणाऱ्या आम्हां मराठी भाषकांस ही रीत परकी वाटू नये.

१८३१ साली आयर्लंडात राष्ट्रीय शाळा स्थापन झाल्या. त्यांचे माध्यम इंग्रजी होते. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवीत. तोंडून गेल्गेचा शब्द निघाला की तिच्यावर खाच पडे आणि खाचा मोजून शिक्षा होई. मायबापांचीही यास संमती असे, कारण पोट भरायचे ते इंग्रजीवर. पुढे १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ ओढवला. सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देशोधडीस लागली. पश्चिमेकडील गेल्गेभाषक गरिबांस त्याची सर्वाधिक झळ पोहोचली. १८५१ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे पंधरा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या चतुर्थांशाहून कमी भरले.

तरीही क्रियापदाची खोड गेली नाही. इंग्रजी बोलतानाही ‘पाऊस पडतो आहे का?’ असे विचारले तर आयरिश माणूस पुष्कळदा ‘होय’ न म्हणता ‘आहे’ म्हणतो.

१८९३ साली डग्लस हाइड आदींनी डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापून भाषेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. १९३७ च्या राज्यघटनेने तिला प्रथम राजभाषेचा मान दिला. परंतु घटनेने मान मिळतो, बोलणारे तोंड मिळत नाही. ते रोजच्या सरावानेच घडते.

‘मला गेल्गे येते’ हे त्या भाषेत ‘तॉ गेल्गे अगम’, म्हणजे ‘आहे गेल्गे माझ्यापाशी’, असे म्हणतात. आजचा शिकणारा तेथूनच आरंभ करतो. ‘अन विल गेल्गे अगत?’, तुझ्यापाशी गेल्गे आहे का, असे कोणी विचारता तो संकोचाने म्हणतो, ‘तॉ, ब्यगॉन’. आहे, थोडीशी. शंभर वर्षांच्या खटपटीचे हे उत्तर आम्हांस लहान वाटत नाही.