सोळा हजार मामा

आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराला 'मामा' म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. माझा सख्खा मामा एका जिल्ह्याच्या गावी नाक्यावर उभा असायचा. शाळेत असताना मला त्याचा केवढा अभिमान! त्याने हात केला की अख्खी एसटी थांबायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्याचा डबा द्यायला नाक्यावर गेले. एक टेम्पो थांबला, ड्रायव्हरने मामाशी हात मिळवला, आणि हात सुटला तेव्हा घडी घातलेली नोट इकडून तिकडे गेलेली होती. इतकी सहज, की दोघं गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलत होते तो विषयही तुटला नाही. रात्री जेवताना मी विचारलंच. मामा चिडला नाही. म्हणाला, "हा नाका मिळवायला मी किती मोजलेत, तुला माहितीय? यातलं माझ्या खिशात किती राहतं आणि वर किती जातं, ते विचार की." मी विचारलं नाही. मामीने वाढलेली दुसरी पोळी मुकाट्याने खाल्ली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तिबिलिसी. मामाची धाकटी मुलगी तिथे एमबीबीएसला होती. जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला जाणारी भारतीय मुलं हजारोंनी आहेत, त्यात मराठी पोरंही पुष्कळ. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मी तिला भेटायला गेले. टॅक्सीत बसल्याबसल्या तिने सांगितलं, "ताई, इथला पोलीस पैसे घेत नाही. द्यायला गेलीस तर तुलाच आत टाकतील." तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी लाजही. का, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं राज्य नव्हे. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधला हा देश महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षाही लहान आहे, लोकसंख्या जेमतेम 37 लाख. 1991 पर्यंत सोव्हिएत संघात होता. सुटल्यावर यादवी, वीज नाही, पगार नाहीत. आणि रस्त्यावर वाहतूक पोलीस. सोव्हिएत काळापासून या खात्याला सगळे 'गाई' म्हणत. खात्याच्या रशियन नावाची ती आद्याक्षरं. मराठी कानाला नाव फारच गरीब वाटतं. पण या गाई रस्त्यातल्या प्रत्येक गाडीचं पीक खायच्या. हातातली काठी वर झाली की ड्रायव्हर कागदपत्रं शोधायच्या भानगडीत पडायचा नाही, नोट काढायचा. कारण आपल्या मामाला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं: नोकरी विकत घ्यावी लागायची. पगार तुटपुंजा, तोही महिनोन्महिने थकलेला. मग घातलेले पैसे रस्त्यावरून वसूल करायचे आणि त्यातला वाटा साहेबाला पोचवायचा. साहेब त्याच्या साहेबाला.

म्हणजे लाचखोरी हा त्या खात्याला जडलेला रोग नव्हता. खातं चालायचंच त्याच्यावर.

2001 साली मिखाइल साकाश्विली नावाचा तरुण न्यायमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत फोटो घेऊन आला. फोटो कसले, तर शेजारी बसलेल्या मंत्र्यांच्या आलिशान बंगल्यांचे. एवढ्या पगारात हे कसं बांधलंत, असा त्याचा सवाल. काही आठवड्यांत तो सरकारातून बाहेर पडला. नोव्हेंबर 2003 मध्ये निवडणुकीत गैरप्रकार झाले म्हणून लोक रस्त्यावर आले, साकाश्विली आणि त्याचे साथीदार हातात गुलाब घेऊन थेट संसदेत घुसले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाझे यांनी राजीनामा दिला. जानेवारी 2004 मध्ये साकाश्विली निवडून आला तेव्हा 36 वर्षांचा होता. त्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या सरकारने जे केलं, ते आजही जगभरच्या प्रशासनाच्या वर्गांत शिकवतात.

वाहतूक पोलिसांचं अख्खं खातं बरखास्त झालं. साधारण 16 हजार माणसं, जवळजवळ एका रात्रीत. चौकशी नाही, निलंबन नाही, 'दोषींवर कठोर कारवाई' नाही. दोन महिन्यांचा पगार आणि मागच्या गुन्ह्यांना माफी, आणि घरी जा. काही काळ रस्त्यांवर पोलीसच नव्हते. सरकारातले लोक पुढे मजेत सांगायचे की वाहतुकीला त्याचा काही फरक पडला नाही. तो माणूस तिथे नक्की कशासाठी उभा होता, हे त्यावरून कळतं.

ऑगस्टमध्ये नवे 'पेट्रोल पोलीस' आले. संख्या खूपच कमी. बहुतेक तरुण, मुलीही, आधी पोलिसात नसलेले. नवे गणवेश, नव्या फोक्सवॅगन गाड्या. पगार जुन्याच्या सुमारे दहापट. दंड रस्त्यावर घ्यायचा नाही, तो बँकेत भरायचा. आणि सगळ्यात धसका घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मंत्रालयाची छुपी माणसं. ती साध्या कपड्यांत मुद्दाम नियम मोडत गाडी चालवायची आणि पोलीस पावती फाडतो की हात पुढे करतो, ते बघायची. तुमच्याच गाडीत शेजारी बसलेला सहकारीही मंत्रालयाचा माणूस निघू शकायचा.

हे चाललं, खरंच चाललं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचाराच्या यादीत जॉर्जिया 2003 मध्ये 133 देशांत 124 वा होता. 2012 मध्ये 176 देशांत 51 वा. डिसेंबर 2005 मध्ये माफियांविरुद्ध कायदा आला, त्याची गंमत तर वेगळीच. सोव्हिएत तुरुंगांतून वर आलेल्या डॉन लोकांना 'कायद्यातले चोर' अशी पदवी असायची, आणि ही पदवी कधीही नाकारायची नाही असा त्यांचा दंडक. सरकारने पदवी असणं हाच गुन्हा ठरवला. आता न्यायाधीशाने 'तू कायद्यातला चोर आहेस का?' विचारलं की 'नाही' म्हणावं तर इज्जत गेली, 'हो' म्हणावं तर पाच ते दहा वर्षं.

मामेबहिणीचा घरमालक साठीचा होता. चहा आणि चर्चखेला (द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवलेल्या अक्रोडाच्या माळा) समोर ठेवून गप्पा मारत बसला. आमची पोरगी भाषांतर करत होती. बोलता बोलता कळलं की तोही जुन्या 'गाई'तला. तो म्हणाला, "आम्ही खात होतो, खरं आहे. मला काढलं त्याचंही फार काही नाही. पण माझ्या तुकडीत एक जण होता, तो खात नव्हता. वेडाच होता. सगळे त्याला हसायचे. त्यालाही काढलं. त्याचं ऐकायलाच कुणी नव्हतं."

जिना उतरताना ती म्हणाली, "ताई, बाबा इथे असते तर त्यांनाही काढलं असतं ना?"

"हो."

"मग मी इथे शिकायला नसते."

यावर काय बोलणार. खाली पोलिसांची गाडी दिवे लावून हळूहळू गेली. तिथे त्या दिवे लावूनच फिरतात.

मला घरमालकाच्या त्या वेड्या सहकाऱ्याने सोडलं नाही. परत आल्यावर मी जॉर्जियाच्या पुढच्या वर्षांबद्दल वाचत गेले, आणि जे कौतुकाच्या लेखांत शेवटच्या परिच्छेदात उरकतात ते मला पहिल्या परिच्छेदात असावं असं वाटू लागलं. ज्या सरकारला 16 हजार माणसं ऐकून न घेता काढता आली, त्याला ती सवय लागली. टाळ्याही मिळाल्या होत्या.

सुरुवात फेब्रुवारी 2004 मध्येच झाली होती, घटना बदलून राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवले तेव्हा. त्याच महिन्यात शेवर्दनाझे यांच्या जावयाला अटक झाली आणि एप्रिलमध्ये 1 कोटी 55 लाख डॉलर भरल्यावर सोडून देण्यात आलं. खटला नाही. पैसे सरकारी तिजोरीत गेले हे खरं, पण पद्धत ओळखीची वाटते ना? आपण तिला मांडवली म्हणतो.

जानेवारी 2006 मध्ये सांद्रो गिर्गव्लियानी या 28 वर्षांच्या बँक कर्मचाऱ्याची एका कॅफेत गृहमंत्रालयाच्या बड्या अधिकाऱ्यांशी बाचाबाची झाली. त्याच रात्री त्याला उचलून शहराबाहेर नेऊन मारलं. मारणारे मंत्रालयाचेच लोक. चौघांना शिक्षा झाली, 2009 मध्ये ते मुदतीआधी सुटले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2011 मध्ये या तपासावर इतके कडक ताशेरे ओढले की वाचताना आपणच अवघडतो. नोव्हेंबर 2007 मध्ये मोर्चावर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या, विरोधी वाहिनीच्या स्टुडिओत सशस्त्र पोलीस. तुरुंगातली माणसं काही वर्षांत चौपट होऊन 24 हजारांवर गेली. न्यायालयात निर्दोष सुटण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी.

याच काळात पोलिसांच्या इमारती काचेच्या बांधल्या जात होत्या. तिबिलिसीतल्या गृहमंत्रालयाची लाटेसारखी काचेची इमारत 2009 ची, मिकेले दे लुकी या इटालियन वास्तुविशारदाची. आतलं सगळं दिसावं, ही कल्पना. मी बाहेर उभी राहून फोटो काढला. दुपारच्या उन्हात काचेत मला आकाश, ढग आणि मी स्वतः एवढंच दिसलं.

तुरुंग काचेचा नव्हता. 18 सप्टेंबर 2012 ला गल्दानी तुरुंगातले व्हिडिओ टीव्हीवर आले: कैद्यांना मारहाण, लैंगिक छळ. दोन आठवड्यांत निवडणूक होती. साकाश्विलीचा पक्ष हरला. पोलीस सुधारणांचा शिल्पकार मानला जाणारा गृहमंत्री वानो मेराबिश्विली त्या वेळी पंतप्रधान होता. पुढच्या वर्षी त्याला अटक झाली. खुद्द साकाश्विली 2021 पासून तुरुंगात आहे.

लाच न घेणारा पोलीस आणि जाब विचारता येणारा पोलीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला जॉर्जियाने शिकवलं. पहिला एका उन्हाळ्यात बनवता येतो. त्याला पगार द्यायचा, शेजारी हेर बसवायचा आणि दंड बँकेत भरून घ्यायचा, की झालं. पण त्या हेराचा साहेब कोण, तर तोच गृहमंत्री. हाँगकाँगने 1974 मध्ये हे वेगळ्या रीतीने केलं. लाचखोरीचा तपास पोलिसांकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिला आणि त्या आयोगावरही नजर ठेवायला नागरिकांच्या समित्या नेमल्या. ते मात्र कटकटीचं निघालं. ऑक्टोबर 1977 मध्ये संतापलेले पोलीस आयोगाच्या कार्यालयात घुसले, मारामारी झाली, आणि गव्हर्नरला जुन्या प्रकरणांना मोठ्या प्रमाणात माफी द्यावी लागली. बदनामी पत्करून ते हळूहळू पुढे गेले. त्याच्यावर सिनेमा काढला तर जॉर्जियाइतका चालणार नाही.

आपल्याकडेही कागद आहे. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला राज्यांना आदेश दिले, त्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण या दोन गोष्टी होत्या. पहिलीचा संबंध थेट बदल्यांच्या बाजाराशी, म्हणजे मामाच्या नाक्याशी. दुसरी तीच, जी जॉर्जियात नव्हती. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलला. तुमच्या ओळखीत किती जणांना असं प्राधिकरण आहे हे माहीत आहे, एकदा ग्रुपवर विचारून बघा.

2024 च्या नोव्हेंबरअखेर सरकारने युरोपीय संघात जाण्याच्या वाटाघाटी पुढे ढकलल्या आणि तिबिलिसीचा रुस्तावेली रस्ता पुन्हा माणसांनी भरला. मामेबहीण तोवर परत येऊन पुण्यात परीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या मैत्रिणी व्हिडिओ पाठवत होत्या: पाण्याचे फवारे, काळे मुखवटे घातलेले लोक, जमिनीवर पडलेल्या पोराला लाथा. त्या पोलिसांपैकी कुणी नाक्यावर पन्नासची नोट घेतली नसती.

मामा निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. दिवाळीत गेले तेव्हा त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. लेक तिथे शिकली, पण त्याला हे माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. तो आरामखुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"दोन महिन्यांचा पगार दिला म्हणतेस?"

"हो."

"आणि वरच्यांचं काय झालं?"

मी जावयाची गोष्ट सांगितली. रुपयांत किती होतात, ते त्याने मला मोबाइलवर हिशोब करायला लावलं. आकडा ऐकून काही बोलला नाही. मग उठून हेल्मेट घातलं, पट्टा नीट लावला, आणि दूध आणायला गेला.