तिने स्वतः लिहून ठेवलेला कागद

वडशाला, म्हणजे देसाईगंजला, दिवाळी जवळ आली की नाटक मंडळांची कार्यालये गजबजतात. गावोगावची माणसे येऊन प्रयोग ठरवून जातात आणि मग उन्हाळा लागेपर्यंत गडचिरोली-चंद्रपूरच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, गावांत रात्र-रात्र नाटके रंगतात. पोस्टरवर नटीचा फोटो ठळक असतो, पण हंगाम सरला की ते पोस्टर पावसात विरून जाते. तिचे मानधन किती ठरले, हाती किती पडले, ताप आला त्या रात्रीचे पैसे कापले का, याचा कागद क्वचितच मागे उरतो. झाडीपट्टीच्या नट्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला म्हणूनच मी आधी चित्रपटनटी शांता आपटे यांच्याकडे पाठवीन. त्यांनी आपल्या धंद्याची कैफियत स्वतःच्या नावाने छापून ठेवली आहे.

जन्म १९१६ चा, सोलापूरकडच्या दुधनीचा. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या. पुढे ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत आल्या आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’ने त्यांचा आवाज घरोघरी पोचला. पण पुरावा म्हणून सगळ्यात बोलका चित्रपट १९३७ चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द कोरडा आणि स्पष्ट ऐकू येतो. तीच नीरा एके ठिकाणी लाँगफेलो या अमेरिकन कवीची जीवनावरची कविता चक्क इंग्रजीत गाते. परक्या भाषेचे शब्द, पण उच्चारात कुठे संकोच नाही. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे. एवढी ठाम मान त्या काळच्या पडद्यावर मला दुसऱ्या कुणाची दिसली नाही.

इथे जपून चालायला हवे. नीरा अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला बदडून काढते, आणि शांताबाईंनी एका संपादकाला त्याच्या कचेरीत जाऊन छडीने मारले, अशीही गोष्ट सांगतात. ती गोष्ट भूमिकेला इतकी चपखल बसते की तिच्यावर भार टाकायला माझे मन धजत नाही. भूमिका आणि बाई यांची सरमिसळ लोकांनी तेव्हाच करून टाकली होती.

जुलै १९३९ ची घटना मात्र पक्की आहे. करार आणि पगार यांवरून बिनसले आणि शांताबाई पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भाऊ बाबूराव त्यांच्यासोबत होते. गांधीजींच्या उपोषणांचा तो काळ. ते हत्यार एका नटीने आपल्या मालकांपुढे उचलले, आणि देशभर चित्रपट गाजत असताना उचलले. वृत्तपत्रांना ती नटीची लहर वाटणे सोपे होते. पुढच्याच वर्षी, १९४० साली, ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले नसते, तर आपणही तसेच मानून मोकळे झालो असतो.

नावातला प्रश्न सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलीचा आहे. उत्तर देताना शांताबाई कौतुकाच्या आठवणी सांगत बसत नाहीत. सिनेमा हा भांडवलाचा धंदा आहे आणि नट-नट्या त्यातले श्रमिक आहेत, असे त्या मांडतात. फाटकाजवळचे उपोषण आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचले की लहर हा शब्द गळून पडतो. दिसते ती हक्काचा हिशेब मागणारी कामकरी बाई, वय तेवीस-चोवीस.

नंतर १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या. एम. एस. सुब्बुलक्ष्मी त्यात नारद होत्या. त्यासाठी शांताबाई तमिळ शिकल्या. हिंदी-मराठी चित्रपट पुढेही येत राहिले, पण ‘कुंकू’ची उंची पुन्हा आली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ ला त्या गेल्या, पन्नाशीही न गाठता.

झाडीपट्टीच्या नट्यांचाही असा कागद उरायला हवा. वडशाच्या कार्यालयांतल्या बुकिंगच्या वह्या, नट्यांनी पर्समध्ये घडी घालून ठेवलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या, फोनमधले तारखांचे निरोप, यांतले जे उरले असेल ते कुणीतरी आत्ताच, या हंगामात, मागून घ्यायला हवे.