शिकारीची नीती

शिकारीची नीती म्हणजे कोणता प्राणी, केव्हा व कोणत्या रीतीने मारावा, कोणता सोडून द्यावा आणि चूक झाल्यास काय करावे, याविषयी शिकारी समाजांनी पाळलेले नियम होत. हे नियम बहुधा अलिखित असतात. वडीलधाऱ्यांबरोबर रानात जाताना तरुण ते शिकतात. रानात सहसा साक्षीदार नसतो. त्यामुळे ही नीती शिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभी असते आणि चुकीच्या कबुलीला तीत विशेष महत्त्व आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. फाशात सापडलेली पाडसे व गाभण माद्या सोडून देण्याची फासेपारध्यांची प्रथा त्यांनी नोंदवली आहे. फासेपारधी काळवीट व पक्षी फाशाने धरीत, तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर व घोरपड मारीत, तर वैदू मुंगूस, उदमांजर असे लहान प्राणी पकडीत. या वाटणीमुळे एकाच प्राण्यावर सर्वांचा भार पडत नसे. असा संयम पाळणाऱ्या पारध्यांना ब्रिटिश राजवटीने ‘गुन्हेगार जमात’ ठरवले होते. हा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात भिल्ल व पावरा समाजांतही धनुष्यबाणाची जुनी परंपरा आहे.

चूक आणि कबुली

वाल्मीकि रामायणात तरुण दशरथ अंधारात घागर भरण्याचा आवाज हत्तीचा समजून बाण सोडतो आणि एका तपस्वी कुमाराचा प्राण जातो. लोकपरंपरेत हा कुमार श्रावणबाळ म्हणून ओळखला जातो. दशरथ स्वतः त्याच्या अंध मातापित्यांकडे जाऊन अपराध सांगतो. शाप टळत नाही. परंतु आपण होऊन सांगितले नसते तर शिक्षा याहून घोर झाली असती, असे तो वृद्ध पिता म्हणतो. महाभारतातील जरा नावाचा व्याध श्रीकृष्णाला हरिण समजून बाण मारतो आणि चूक कळताच त्याचे पाय धरतो. लक्ष्य ओळखल्याविना शस्त्र चालवू नये, हा दोन्ही कथांचा समान बोध आहे.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी मारली. ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना संस्थेचा पक्षिसंग्रह दाखवला आणि त्यांच्या पक्षिअभ्यासाची सुरुवात झाली.

कायदा

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, शिकारीस बंदी आहे. मारणे, जखमी करणे, पकडणे, फासा लावणे व तसा प्रयत्न करणे हे सर्व ‘शिकार’ या संज्ञेत येते. सद्भावनेने केलेल्या स्वसंरक्षणात प्राणी मेला, तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती स्वतः या कायद्याचा भंग करीत नसावी. मृत आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात कधी बिबट्याही अडकतो. अशा वेळी वन विभागाला लवकर कळवल्यास प्राणी वाचू शकतो. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

इतर देश

न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांसाठी सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले. जर्मनीत शिकारीच्या परवान्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तेथे जखमी जनावराचा माग काढून त्याच्या वेदना संपवणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाते.

भारतात शिकार बंद असली, तरी ओळख पटल्याविना हात न उगारणे, पिले व गाभण माद्या यांना अभय देणे आणि चूक न लपवणे ही मूल्ये वनक्षेत्रालगत राहणाऱ्या तरुणांच्या शिक्षणात आजही उपयुक्त आहेत.