तारेची उपकरणे, बिनतारी जाळे

घरात किंवा कार्यालयात वाय-फाय आले की जुना प्रिंटर, टेबलावरचा संगणक वा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स एकाएकी निरुपयोगी वाटू लागतो. या उपकरणांना केवळ लॅन केबलची खाच असते, अँटेना नसतो. अशा वेळी 'आता नवीनच घ्या' असा सल्ला सहज मिळतो. मात्र, चालू स्थितीतील उपकरण केवळ एवढ्या कारणासाठी मोडीत काढण्याची गरज नाही.

संगणकाचा प्रश्न यूएसबी वाय-फाय अॅडॉप्टरने सुटतो. त्यासाठी लागणारे ड्रायव्हर सॉफ्टवेअर संगणकावर टाकता येते. प्रिंटर वा टीव्हीबाबत बहुधा ही सोय नसते. तेथे उपयोगी पडतो तो 'वायरलेस ब्रिज'. हे छोटे यंत्र राऊटरकडून बिनतारी संदेश घेते आणि आपल्या लॅन खाचेतून तारेने पुढे देते. आपण वाय-फायवर आहोत याचा प्रिंटरला पत्ताही नसतो. अनेक राऊटरमध्ये 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' मोड असतो. त्यामुळे घरात पडून असलेला जुना राऊटरही हे काम करू शकतो.

जोडणी करताना ब्रिज प्रथम संगणकाला केबलने जोडावा. त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या वाय-फायचे नाव निवडून पासवर्ड द्यावा. जुना राऊटर वापरत असल्यास त्याचा आयपी पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि त्याची डीएचसीपी सुविधा बंद करावी. जाळ्यातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम मुख्य राऊटरकडेच असावे. दोघेही पत्ते वाटू लागले की इंटरनेट कधी चालते, कधी बंद पडते आणि दोष मात्र सापडत नाही.

एकाहून अधिक उपकरणे जोडायची असल्यास ब्रिजला स्विच लावता येतो. मात्र, वाय-फायच्या नेहमीच्या जोडणीत ब्रिजमागील प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्याला जागा नसते. त्यामुळे अनेक ब्रिज त्या सर्वांच्या वतीने स्वतःचाच पत्ता पुढे करतात. कार्यालयात मॅक पत्ता पाहून प्रवेश दिला जात असेल तर ही बाब आधी ध्यानात घ्यावी. तसेच, ही सर्व उपकरणे एकच बिनतारी दुवा वाटून घेत असल्याने वेगही विभागला जातो.

ब्रिज कोठे ठेवावा, हेही महत्त्वाचे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात, तर ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो. लोखंडी कपाटामागे ब्रिज ठेवू नये. इथरनेटची तार सामान्यतः १०० मीटरपर्यंत चालते. म्हणून प्रिंटर कोपऱ्यात असला तरी ब्रिज चांगला सिग्नल मिळेल तेथे ठेवून पुढे तार ओढावी.

सुरक्षेत तडजोड नको. जुना राऊटर केवळ डब्ल्यूईपी पद्धतच जाणत असेल, तर त्याच्यासाठी संपूर्ण जाळे त्या पातळीवर आणू नये. ही पद्धत २००१ मध्येच भेदली गेली आहे. किमान डब्ल्यूपीए२ चालणारा ब्रिज घ्यावा आणि त्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

लेखा विभागाचा सर्व्हर किंवा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांसारख्या अखंड चालणाऱ्या यंत्रांना मात्र शक्य तेथे थेट तारच द्यावी. जेथे भिंत फोडणे शक्य नाही, तेथे ब्रिज हा स्वस्त आणि पुरेसा उपाय ठरतो.